हाड जुळले, दुखणे उरले : चार वाक्यांवरील भाष्य

पुढील वाक्ये कोणा एकाची नाहीत. मनगट मोडल्यानंतर महिनोन्‌महिने ठणकणारा हात घेऊन नांदेड-लातूरकडचा रुग्ण जे सांगेल, त्याचा हा गोषवारा आहे.

१. हाड जुळलंय म्हणतेत, मग दुखायलंय कशानं?

भाष्य : प्रश्न रास्त आहे. इजेच्या मानाने वेदना फार जास्त, हाताला सूज, कातडीचा रंग पालटलेला, स्पर्श कधी गरम कधी गार, घाम कमी-जास्त. एवढे जुळून आले आणि दुसरे कारण सापडले नाही, की कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोमचे, अर्थात सीआरपीएसचे, निदान होते. बायकांत हा आजार अधिक. पुष्कळांचे दुखणे वर्षभरात उतरते. उरलेल्यांसाठी पुढचा विचार.

२. पदर लागला तरी आग व्हायली.

भाष्य : हंगेरीतील संशोधकांनी, लिव्हरपूलच्या अँड्रियास गोबेल यांच्यासह, २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा. उंदरांच्या पंजाला छोटी चीर देऊन सीआरपीएसच्या रुग्णांच्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे टोचली. निरोगी माणसांची प्रतिपिंडे मिळालेल्या उंदरांपेक्षा या उंदरांचा पंजा जास्त सुजला, स्पर्शाला जास्त दुखला. प्रतिपिंडे अंगभर फिरत असूनही एकच हात का दुखतो, याचे उत्तर यात असू शकते : आधी इजा, मग तिथे प्रतिपिंडांचा मारा.

३. मागं चिकुनगुन्या झालता, त्याचंच असंल का?

भाष्य : २००६ च्या साथीत देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, मराठवाड्यालाही झळ बसली. त्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात, आणि तिथेही प्रतिकारशक्तीवर संशय आहे. पण ते दुखणे बहुधा दोन्ही बाजूंच्या अनेक सांध्यांचे. सीआरपीएस सहसा एकाच हाताचे वा पायाचे. दोन्हींची गल्लत करू नये.

४. रक्तात काहीच निघालं नाही, मनाचंच हाय म्हणतेत.

भाष्य : संधिवातासाठी होणाऱ्या नेहमीच्या चाचण्या सीआरपीएसमध्ये निर्दोष येऊ शकतात. तेवढ्यावरून वेदना खोटी ठरत नाही. मात्र स्वयंप्रतिकार, म्हणजे आपल्याच प्रतिपिंडांचा आपल्यावर मारा, सिद्ध झाला, असेही म्हणता येत नाही. इम्युनोग्लोब्युलिनच्या सलाइनने २०१० च्या छोट्या चाचणीत आराम दिसला. २०१७ च्या मोठ्या चाचणीत कमी मात्रेचा उपयोग झाला नाही. म्हणून त्या महागड्या औषधासाठी कोणी कर्ज काढू नये. हात झोळीत जखडून न ठेवता फिजिओथेरपी लवकर सुरू करावी. आणि डॉक्टरांनी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवून हात रोज कसा हलवायचा, हे त्याच्यासमोर करून दाखवावे.