गोविंदप्पा वेंकटस्वामी

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी (१ ऑक्टोबर १९१८ – ७ जुलै २००६) हे तमिळनाडूतील नेत्रशल्यविशारद आणि मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक होते. 'डॉ. व्ही.' या नावाने ते सर्वत्र ओळखले जात. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी अवघ्या ११ खाटांचे खाजगी नेत्र रुग्णालय सुरू केले. पुढे त्याचा विस्तार होऊन ते जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक झाले. शुल्क देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून शुल्क न देऊ शकणाऱ्यांवर उपचार करणे आणि तरीही देणग्यांवर विसंबून न राहणे, हे या रुग्णालयाचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे वैद्यकशास्त्राबरोबरच व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांतही त्यांच्या कार्याचा अभ्यास केला जातो.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

वेंकटस्वामी यांचा जन्म दक्षिण तमिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले होते. त्यांच्या लहानपणी नात्यातील तीन तरुण स्त्रिया गर्भारपणातील गुंतागुंतीमुळे दगावल्या. गावात डॉक्टर नव्हता. या घटनांमुळे आपण डॉक्टर व्हावे आणि प्रसूतिशास्त्राचा अभ्यास करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९४४ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

त्यानंतर ते भारतीय सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. परंतु तीव्र आमवातामुळे त्यांना १९४८ मध्ये सैन्यातील नोकरी सोडावी लागली. हातांची बोटे कायमची वाकडी झाली आणि प्रसूतितज्ज्ञ होण्याचा विचार सोडून देणे भाग पडले. त्यांनी नेत्रविज्ञानाकडे वळून १९५१ मध्ये त्या विषयातील पदविका मिळवली. वाकड्या बोटांत धरता येतील अशी उपकरणे वापरून त्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्याचा कसून सराव केला. कारकिर्दीत त्यांनी स्वतःच्या हातांनी एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते.

शासकीय सेवा

१९५६ मध्ये वेंकटस्वामी मदुराई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागाचे प्रमुख झाले. या पदावर असताना त्यांनी खेडोपाडी नेत्रशिबिरे भरवली. डॉक्टर वगळता इतरांनाही करता येतील अशी कामे करण्यासाठी त्यांनी नेत्रसाहाय्यकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. १९७३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या काळातील दोन अनुभव पुढील कार्याला उपयोगी पडले. पहिला असा, की भारतातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे असून एका छोट्या शस्त्रक्रियेने गेलेली दृष्टी परत येऊ शकते. दुसरा असा, की नेत्रशल्यविशारदांची संख्या अत्यंत तोकडी असूनही त्यांचा बराच वेळ इतरांना करता येण्यासारख्या कामांत खर्च होतो.

स्वतंत्र रुग्णालयाची स्थापना

१९७६ मध्ये वयोमर्यादेनुसार निवृत्त झाल्यावर वेंकटस्वामी यांनी 'गोवेल' या विश्वस्त संस्थेची स्थापना केली आणि तिच्यामार्फत मदुराईतील एका घरात रुग्णालय उघडले. ते श्रीअरविंदांच्या तत्त्वज्ञानाचे अनुयायी असल्याने रुग्णालयाला 'अरविंद' हे नाव देण्यात आले. ११ खाटांपैकी सहा खाटा मोफत उपचारांसाठी आणि पाच शुल्क देणाऱ्यांसाठी होत्या. याच वर्षी भारत सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला.

भांडवल ही पहिली अडचण होती. निवृत्तीच्या वयात रुग्णालय काढून त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत उपचार करू पाहणाऱ्या डॉक्टरला कर्ज मिळणे कठीण होते. वेंकटस्वामी यांनी आपले घर गहाण ठेवले. कुटुंबातील दागिनेही गहाण पडले. ते स्वतः अविवाहित होते, परंतु भावंडे व त्यांचे जोडीदार या कामात सहभागी झाले. बहीण डॉ. जी. नाच्चियार आणि मेहुणे डॉ. पी. नंपेरुमालसामी हे दोघेही नेत्रतज्ज्ञ होते. बांधकाम व हिशेब बंधू जी. श्रीनिवासन यांनी सांभाळले. शिल्लक राहील तेवढ्याच रकमेतून पुढचे बांधकाम, हे धोरण प्रारंभापासून ठेवण्यात आले. १९७८ मध्ये मोफत उपचारांसाठी ७० खाटांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले आणि १९८१ मध्ये मुख्य इमारतीत काम सुरू झाले. पुढे तेनी, तिरुनेलवेली, कोइंबतूर आणि पुदुच्चेरी येथेही रुग्णालये निघाली.

कार्यपद्धती

अरविंद रुग्णालयाची अर्थव्यवस्था दोन गोष्टींवर उभी आहे: शुल्काची रचना आणि शल्यविशारदाच्या वेळेचा वापर.

शुल्क देऊन उपचार घ्यायचे की मोफत अथवा अल्प दरात, हे रुग्ण स्वतः ठरवतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. शुल्क देणाऱ्याला खोली, वातानुकूलन इत्यादी सोयी अधिक मिळतात, तर मोफत विभागात राहण्याची व्यवस्था साधी असते. शस्त्रक्रिया मात्र दोन्हीकडे त्याच डॉक्टरांकडून होतात. डॉक्टर आळीपाळीने दोन्ही विभागांत काम करतात. निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया मोफत किंवा अत्यल्प दरात होतात. मोफत शस्त्रक्रियांसाठी शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून अंशतः अनुदानही मिळते.

शस्त्रक्रियागृहात एका शल्यविशारदासाठी दोन टेबले मांडलेली असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढील रुग्णाची तयारी पूर्ण केली जाते. एक शस्त्रक्रिया संपताच डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवून दुसरी सुरू करतो. दृष्टीची तपासणी, भिंगाच्या क्रमांकाचे मोजमाप, रुग्णाची तयारी आणि शुश्रूषा ही कामे खेड्यांतून निवडलेल्या व दोन वर्षे प्रशिक्षण दिलेल्या तरुणी करतात. परिणामी येथील एक शल्यविशारद वर्षाला सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया करू शकतो. इमारत, यंत्रे आणि वेतन यांचा खर्च मोठ्या संख्येत विभागला गेल्याने प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च कमी होतो. एकाच दर्जाची सेवा ठिकठिकाणी देणाऱ्या मॅकडोनाल्ड्स या अमेरिकी उपाहारगृहांच्या शिस्तीचे उदाहरण वेंकटस्वामी या संदर्भात नेहमी देत असत.

शिबिरांच्या मर्यादा

उपचार मोफत ठेवले म्हणजे गरीब रुग्ण आपोआप येतील, ही समजूत अनुभवाने खोटी ठरली. शस्त्रक्रिया फुकट असली तरी प्रवास, जेवण, बुडालेली मजुरी आणि सोबतीला येणाऱ्या माणसाचा खर्च रुग्णाला परवडत नसे. म्हणून शिबिरात निवडलेल्या रुग्णांना रुग्णालयाच्या वाहनाने आणणे, जेवण देणे आणि परत पोहोचवणे ही कामेही रुग्णालयाने अंगावर घेतली.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की डोळ्यांचा त्रास असलेल्या ग्रामीण प्रौढांपैकी जेमतेम सात टक्के लोक शिबिरांचा लाभ घेतात. दोन दशकांच्या कामानंतर आलेला हा आकडा संस्थेला विचार करायला लावणारा होता. त्यातून २००४ पासून गावपातळीवर कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रे सुरू झाली. तेथे प्रशिक्षित कर्मचारी रुग्णाची तपासणी करतात आणि मुख्य रुग्णालयातील डॉक्टर दूरसंवादाने सल्ला देतो.

भिंगांचे उत्पादन

पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. तो हरवला किंवा फुटला, तर रुग्ण पुन्हा जवळजवळ आंधळा होई. डोळ्याच्या आत बसवण्याच्या कृत्रिम भिंगामुळे ही अडचण दूर झाली. परंतु आयात केलेल्या अशा एका भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. मोफत रुग्णाला चष्मा आणि पैसे देणाऱ्याला भिंग, असा भेद टाळण्यासाठी १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' हा स्वतःचा कारखाना काढण्यात आला. त्यासाठी अमेरिकेतील सेवा फाउंडेशनचे सहकार्य लाभले. तेथे तयार झालेली भिंगे सुमारे दहा डॉलरला मिळू लागली व पुढे त्याहूनही स्वस्त झाली. ती अनेक देशांत निर्यात होतात. त्याच वर्षी लायन्स क्लबच्या साहाय्याने प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि इतर रुग्णालयांना ही कार्यपद्धती शिकवण्यात येऊ लागली.

मूल्यमापन

हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९९३ मध्ये अरविंद रुग्णालयावर प्रकरण-अभ्यास प्रसिद्ध केला. संस्थेला २००८ मध्ये गेट्स जागतिक आरोग्य पुरस्कार आणि २०१० मध्ये कॉनराड हिल्टन मानवतावादी पुरस्कार मिळाला.

या प्रतिमानाच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. प्रारंभीची उभारणी एकाच कुटुंबाच्या त्यागावर झाली आणि असा त्याग इतरत्र गृहीत धरता येत नाही. अधिक वेतनासाठी डॉक्टर दुसऱ्या खाजगी रुग्णालयांत जातात, त्यामुळे नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षण सतत चालू ठेवावे लागते. शिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अल्पावधीची, ठरावीक टप्प्यांची आणि बहुधा एकदाच करावी लागणारी आहे. दीर्घकाळ उपचार लागणाऱ्या व्याधींना हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडेल असे नाही.

अखेरचा काळ

वृद्धापकाळातही वेंकटस्वामी नियमितपणे रुग्णालयात येत. रुग्णालयाकडून ते वेतन घेत नसत. निवृत्तिवेतनावर त्यांचा निर्वाह चाले. ७ जुलै २००६ रोजी मदुराई येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कुटुंबातील पुढच्या पिढीचे डॉक्टर आणि व्यवस्थापक यांनी संस्थेचे काम पुढे चालू ठेवले आहे.