लाटणं, गळाची काठी आणि दोरी ओढणारे हात

आजचं बोलणं आम्ही लाटण्यापासून सुरू करणार आहोत. स्वयंपाकघरात जा आणि आपलं लाटणं हातात घेऊन बघा. मधे फुगीर, कडेला निमुळतं, दोन्ही टोकांना मूठ. कुठे कोपरा नाही, कुठे हाताला बोचत नाही. हे काम सुताराच्या रंध्याचं नाही. ते कातारी लोकांचं, म्हणजे लाकूड फिरवून कातणाऱ्यांचं. पाळण्याचे खुंट, भोवरे, रवीची दांडी, सावंतवाडीची गोल अंगाची रंगीत खेळणी हे सगळं याच कामातलं.

आज लेथ विजेवर चालतो. पूर्वी वीज नव्हती. लाकूड दोन टोकांच्या मधे धरायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, आणि एकानं दोरी इकडून तिकडून ओढायची. लाकूड पुढे-मागे फिरे, आणि कारागीर पायानं आधार देत पटाशी टेकवी. काम दोघांचं होतं. दोरी ओढणारं माणूस बहुधा घरातलंच असायचं, बायको नाहीतर पोर. पण वस्तू विकली जायची ती पटाशी धरणाऱ्याच्या नावावर. दोरी ओढणाऱ्या त्या हातांची आठवण ठेवून आता आपण जरा लांब, अमेरिकेत जाऊ.

तिकडे नदीत, ओढ्यात हौसेनं मासे धरण्याचा मोठा छंद आहे. त्यासाठी लांब, लवचीक काठी असते. दोरा गुंडाळायला रीळ असतं, आणि ते काठीच्या मुठीपाशी घट्ट बसावं म्हणून लाकडाचा एक नळीसारखा तुकडा असतो. आपण त्याला रिळाची बैठक म्हणू. चार बोटं लांब, अंगठ्याएवढी जाड. हा तुकडा लेथवर कातून करतात. लाटण्याचाच धाकटा भाऊ म्हणा ना.

या काठीचा इतिहास आपल्या देशालाही शिवून जातो. आधी काठ्या अखंड लाकडाच्या असत. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचे सॅम्युएल फिलिप हे बंदुका दुरुस्त करणारे कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठी करू लागले. पुढे मेन राज्यातल्या बँगोरच्या हिराम लेनर्ड यांनी सहा पट्ट्यांची काठी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर करायला घेतली. हा बांबू कुठला? आपल्याकडचा. तो कलकत्त्याच्या बंदरातून जाई, म्हणून तिकडे त्याचं नावच ‘कलकत्ता’ पडलं. बुरूडकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना ठाऊकच आहे की बांबूची खरी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते, आतला गर कमजोर. त्या कारागिरांनीही गर काढून टाकला आणि सालीकडचा भाग तेवढा ठेवला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनचा बांबू आला. तो सरळ, पेरं लांब, धागा दाट. कलकत्त्याचा बांबू मागे पडला. मग १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि तोही बांबू मिळेना. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या धाग्यांच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्याच होत्या. त्यांनी बाजार घेतला. १९७० च्या दशकात त्यांच्या जागी कार्बनच्या काठ्या आल्या. त्या हलक्या होत्या आणि कारखान्यातून हजारांनी निघत होत्या.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत काठी तीनदा बदलली. लाकडाची बांबूची झाली, बांबूची काचेची, काचेची कार्बनची. दर वेळी कुणाचं तरी काम गेलं. पण चांगल्या काठीवर रिळाची बैठक अजूनही पुष्कळदा लाकडाचीच दिसते, आणि ती घरच्या छोट्या कारखान्यात, एकेका गिऱ्हाइकासाठी कातली जाते.

असं का झालं, ते समजायला काम कसं होतं ते पाहू. अक्रोड, मेपल, चेरी असं लाकूड घेतात. गाठीचं, वळणदार रेषांचं लाकूड विशेष आवडतं. आधी ते पुरतं वाळवायचं. ओल्या लाकडाचं कातलेलं गोल वाळताना लंबगोल होतं, कारण लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. ओल्या लाकडाचं लाटणं घेऊन फसलेल्या बायकांना हे सांगायला नको.

मग आधी मधलं भोक पाडायचं आणि कातायचं नंतर. उलटं केलं तर घात होतो. ड्रिल लाकडात थोडं तरी वाकडं जातंच. आधी गोल कातून मग भोक पाडलं तर एक भिंत जाड, एक पातळ होते. भोक आधी पाडून, त्यात सळई घालून, त्या सळईभोवती लाकूड फिरवलं की भोक हाच मध्य ठरतो आणि भिंत सगळीकडून सारखी येते. त्यानंतर रिळाचा पाय बसायला लांबट खाच करायची, पॉलिश पेपरनं घासायचं, तेल किंवा वॉर्निश द्यायचं. टोकाला धातूची टोपी आणि रीळ आवळायला कडी बसली की बैठक तयार.

आता पाहा, या तुकड्यावर माशाच्या ओढीचा मुख्य ताण येत नाही. तो काठीवर येतो. म्हणून इथे कार्बनची गरज पडली नाही. इथे हवं असतं ते गिऱ्हाइकाच्या रिळाला बरोबर बसणारं माप आणि डोळ्याला आवडणारं लाकूड. ते एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. हजारांनी माल काढणाऱ्या कारखान्याला असं एकेकाचं माप परवडत नाही. घरी एक छोटा लेथ, चार पटाश्या आणि वाळलेलं लाकूड असणाऱ्याला ते परवडतं. मोठी वस्तू यंत्रानं नेली, हाताशी येणारा लहान भाग हातानं राखला.

पण लहान कामाची एक दुसरी बाजूही आहे. त्या काठीवर दोरा ओवायच्या कड्या रेशमी धाग्यानं गुंडाळून बसवतात. एकावर एक न चढता, धाग्याला धागा लागून. काठ्यांच्या कारखान्यांत हे काम बहुतेक वेळा बायकाच करत. काठीवर नाव मात्र मालकाचं. त्या बायकांपैकी बहुतेकींचं नाव आज सांगता येत नाही.

एकीचं नाव सांगता येतं. व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावात चार्ल्स ऑर्व्हिस यांचा मासेमारीच्या साहित्याचा धंदा होता. त्यांची मुलगी मेरी ऑर्व्हिस मार्बरी. १८७६ मध्ये, विशीतच, तिनं पिसं आणि धागे बांधून गळावरचे नकली किडे करण्याचा विभाग हाती घेतला. हाताखाली काम करणाऱ्याही मुलीच होत्या. तेव्हा एकाच किड्याला गावोगाव वेगळं नाव असे, त्यामुळे मागणी एक आणि माल भलताच, असा घोळ व्हायचा. मेरीनं देशभरच्या मासेमारांना पत्रं लिहून विचारलं, उत्तरं जमवली, रंगीत चित्रं काढून घेतली आणि १८९२ मध्ये जाडजूड पुस्तक छापलं. त्यानंतर नावं पक्की झाली. दुसऱ्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिच्या विभागाचं काम मांडलं गेलं. किडे बांधणाऱ्या पुष्कळ होत्या. नाव राहिलं ते लिहून ठेवणारीचं.

म्हणून मैत्रिणींनो, आमचं म्हणणं एवढंच. लहान काम हलकं समजू नका. कधी कधी तेच सगळ्यात जास्त टिकतं. पण ते टिकतं म्हणून करणारीला आपोआप मान मिळतो, असं नाही. आपल्या गटात पापड लाटणारीचं नाव वहीत येतं. पण उन्हात ते उलटून टाकणारी, पिशव्या बंद करणारी, घरच्या दुकानात मापं घेणारी, यांचे तास आपण लिहितो का? येत्या बैठकीत वहीत एक नवा रकाना आखा. त्यावर लिहा ‘दोरी कुणी ओढली’. त्यात नावं भरा, तास भरा, आणि वस्तूची किंमत ठरवताना तो रकाना आधी वाचा.