चाळीस शेजाऱ्यांची साक्ष

गाणगापूरच्या निर्गुण पादुकांच्या सान्निध्यात उरलेले आयुष्य घालवावे, या इच्छेने एका सेवानिवृत्त गृहस्थांनी अफजलपूर तालुक्यात एक घर पाहिले. मूळचे माळवदाचे, शहाबादी फरशीचे घर. पुढे आतील दगडी भिंत काढून दोन खोल्यांची एक केलेली आणि वर सिमेंटची माडी चढविलेली. तो मुलुख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे जुनी खते उर्दूत होती, नंतरची कानडीत. मालकीची साखळी अखंड होती. "आता पाहायचे काय राहिले?" असे त्यांनी मला विचारले. राहिला होता माडीच्या परवानगीचा कागद, आणि तो कोठेच नव्हता.

घराच्या विक्रीत मालकाखेरीज इतरांचाही संबंध असतो, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात घराची विक्री शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, त्या घरापुढेच पुकारावी असे सांगितले आहे. दोन घरांतील अंतर, सांडपाण्याची वाट यांचेही नियम तेथे आहेत. शेजाऱ्यांच्या या देखरेखीचा मोठा भाग पुढे नगरसंस्थांकडे आला. परवानगी हा केवळ सरकारी सोपस्कार नव्हे; वरचा भार खालची भिंत पेलेल की नाही, हे जाणत्याने पाहिल्याची ती खूण असते.

न्यायालयांनीही हेच तत्त्व मानले. उडुपी येथे कल्याणमंडप व व्याख्यानगृहासाठी मंजूर झालेल्या इमारतीचे चित्रपटगृह करण्यास नगरपरिषदेने मान्यता दिली, तेव्हा तेथील एका रहिवाशाने दाद मागितली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यता बेकायदेशीर ठरविली. अधिकाराबाहेर दिलेली परवानगी कोणाच्या मौनाने वैध होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

खरेदीदाराची दैना मुंबईत वरळीच्या कॅम्पाकोला वसाहतीत दिसली. पाच मजल्यांच्या मंजुरीवर त्याहून कितीतरी अधिक मजले उठले. १९८४ साली काम थांबविण्याची नोटीस निघाली, तरी काम चालूच राहिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करण्यास नकार दिला. घर सोडण्याची पाळी आली ती आयुष्याची पुंजी घालून तेथे राहणाऱ्यांवर.

"पुढेमागे सरकार दंड घेऊन माफ करील," ही आशा विक्रेते हमखास दाखवितात. कर्नाटकाने 'अक्रम-सक्रम' योजनेसाठी कायद्यात दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाने २०१६ साली ती मान्य केली. परंतु जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हा अशा आशेवर बयाणा देणे शहाणपणाचे नव्हे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ५५ व्या कलमान्वये, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि ग्राहकास साधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. पण डोळ्यांना दिसणारी माडी हा लपलेला दोष नव्हे. तिची मंजुरी मागणे, हीच ग्राहकाची दक्षता.

मी त्या गृहस्थांना म्हटले, "चाळीस नकोत, एका शेजाऱ्याला तरी विचारून या." ते गेले. भिंतीपलीकडच्या आजीबाईंनी त्यांना आपल्या घरात नेऊन दाखविले : माडी चढल्यापासून सामाईक भिंतीला उभा तडा गेला होता आणि दर पावसाळ्यात तो बोटभर वाढत होता.

बयाणा दिला गेला नाही. ते गृहस्थ गाणगापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात आणि पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर स्नानास जातात.