कागदाने अडविलेले तारुण्य

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या अक्कलकुव्याहून तळोद्याच्या वाटेने दिवाळीच्या सुमारास कोणी निघाला, तर कपाशीच्या उमललेल्या बोंडांवर तांबडे, काळ्या ठिपक्यांचे किडे दाटीने बसलेले त्यास आढळतील. शेतकरी त्यांस लाल ढेकूण म्हणतात. हा किडा सरकीतील रस शोषतो. त्यामुळे रुईस डाग पडतात व तिचे मोल उतरते. मी शिक्षक असताना मुले हे किडे काड्यापेटीत घालून वर्गात आणीत. नर व मादी शेपटीस शेपटी जोडून परस्परांस उलट दिशांना ओढीत चाललेली पाहून वर्गात खसखस पिके. एकदा मात्र एका मुलीने गंभीरपणे विचारले, "गुरुजी, अंडी घालायची वेळ झाली हे हिला कोण सांगतं?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

मेंदू म्हणजे केवळ मज्जातंतूंचे ठाणे, अशीच विसाव्या शतकाच्या आरंभी समजूत होती. १९१७ साली स्टेफान कोपेच नामक पोलिश शास्त्रज्ञाने तिला प्रथम धक्का दिला. त्याने पतंगाच्या अळीचा मेंदू काढून घेतला. अळी जगली, परंतु तिचा कोष झाला नाही. दुसऱ्या अळीचे शरीर त्याने मध्यावर दोऱ्याने आवळले. वेळेपूर्वी आवळले, तर पुढील अर्धाच कोषरूप झाला व मागील अर्धा अळीच राहिला. मेंदूतून काही द्रव्य रक्तात उतरते व तेच ही आज्ञा देते, असे त्याने अनुमान काढले.

या अनुमानास भोजनाची जोड दिली ती इंग्लंडच्या विगल्सवर्थ यांनी. १९३४ च्या सुमारास त्यांनी दक्षिण अमेरिकेतील एक रक्तपिपासू ढेकूण प्रयोगास घेतला. हा प्राणी प्रत्येक अवस्थेत एकदाच पोटभर रक्त पितो आणि काही दिवसांनी कात टाकतो. जेवणानंतर लगेच त्याचे डोके छाटले, तर धड कित्येक महिने जगते, पण कात टाकीत नाही. काही दिवस थांबून छाटले, तर टाकते. पोट ताणले गेल्याची वार्ता मज्जातंतू मेंदूस कळवितात आणि मेंदू रसायनाच्या रूपाने हुकूम सोडतो, असा याचा अर्थ. मेंदूच्या मागे एक सूक्ष्म ग्रंथी असते. तिचा रस पिलास पिलूच ठेवतो, म्हणून त्यास 'बाल्यरस' म्हणू. १९३६ साली त्यांनी दाखविले, की शेवटची कात टाकण्यापूर्वी मंदावलेली हीच ग्रंथी वाढ पुरी झालेल्या मादीत पुन्हा जागी होते आणि तिच्यावाचून अंडी पक्व होत नाहीत. एकच रस, परंतु वयानुसार अर्थ वेगळा!

मेंदूच्या हुकमांची घडण पुढे उलगडली. ते बहुधा अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या असतात. त्यांस न्यूरोपेप्टाइड म्हणतात. १९८६ साली झुरळात सापडलेल्या अशाच एका साखळीचा वर्ग 'आता पुरे' ही तृप्तीची सूचना देतो, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. १९८९ साली एका पतंगाच्या मादीस गंध निर्माण करावयास लावणारी साखळी ओळखली गेली. मादीच्या अशाच गंधाची नक्कल करून आमचे शेतकरी आज बोंडअळीच्या नरांसाठी कामगंध सापळे लावतात.

आता कागदाची कथा. १९६४-६५ च्या सुमारास कारेल स्लामा हे शास्त्रज्ञ आपल्या लाल ढेकणाचाच एक युरोपीय भाऊबंद घेऊन प्रागहून अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात विल्यम्स यांच्याकडे गेले. प्रागमध्ये हे किडे सुखाने वाढत. अमेरिकेत मात्र पाचव्यांदा कात टाकूनही ते प्रौढ होईनात. अवाढव्य पिलेच बनून मरू लागले. अन्न, पाणी, हवा सर्व तपासून झाले. अखेर दोष निघाला तो डब्यात घातलेल्या, हात पुसावयाच्या कागदात! मग वर्तमानपत्रे तपासली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा कागद घातक, लंडनच्या 'टाइम्स'चा निर्धोक! अमेरिकी कागद बाल्सम फर नामक वृक्षाच्या लगद्याचा असे आणि त्या लाकडात बाल्यरसाची नक्कल करणारे द्रव्य होते. १९६६ साली बॉवर्स प्रभृतींनी ते वेगळे काढून त्यास 'जुवाबायोन' हे नाव दिले.

त्याच वर्षी के. एन. सक्सेना व विल्यम्स यांनी हा प्रयोग आपल्या भारतीय लाल ढेकणावर करून पाहिला. त्याचीही वाढ अशीच अडली. गंमत अशी, की हा निबंध प्रसिद्ध झाला तो 'नेचर' साप्ताहिकात, ज्याचा स्वतःचा कागद किड्यांस निरुपद्रवी ठरला होता!

तुम्ही म्हणाल, मास्तर, याने आमच्या कपाशीचे काय भले झाले? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. किड्यास मारणारे विष माणसासही मारते, हे त्या घरांनी पाहिले. उलट जुवाबायोन मुख्यतः या एकाच ढेकूणकुळास बाधते. ज्या कुलपास जी किल्ली, तीच तेथे लागते. तथापि यास मर्यादाही आहे: अळीचे बाल्य लांबविले तर तिचे खाणेही लांबते. म्हणूनच बाल्यरसाच्या कृत्रिम नकला प्रथम डासांवर उपयोगी पडल्या, कारण तेथे त्रास देणारा डास होय, पाण्यातील अळी नव्हे. अशीच एक नक्कल आपल्याकडे कपाशीवरील पांढऱ्या माशीविरुद्धही वापरतात. पण जलचरांस तीही अपाय करू शकते, म्हणून बेफिकिरीने शिंपडावयाची ती वस्तू नव्हे.

त्या मुलीस आज उत्तर द्यावयाचे तर असे देईन: "बाळ, तिचे भरलेले पोट मेंदूस सांगते, मेंदू ग्रंथीस सांगतो, ग्रंथी रक्तास सांगते, आणि मग अंडी पिकतात." शत्रूचे घर जाळण्यापेक्षा त्याचा निरोप मध्येच अडविणे शहाणपणाचे, परंतु त्यासाठी आधी त्याची भाषा शिकावी लागते. ती शिकावयास एका जुन्या वर्तमानपत्राचा तुकडाही पुरला, हे आपण विसरू नये.