वृक्कदाता-परीक्षण

जिवंतपणी मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या निरोगी व्यक्तीची वृक्ककार्ये मोजणारी वैद्यकीय तपासणी (पहा : वृक्क, अवयव प्रतिरोपण). महाराष्ट्रात मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम, १९९४ हा ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला व दात्यास संभाव्य धोके समजावून देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. वृक्ककार्य दर्शवणारे रक्तातील क्रिॲटिनिन सहज मोजता येते. परंतु ते स्नायूंच्या प्रमाणानुसार बदलत असल्याने, कृश देहाच्या दात्याचा आकडा निर्दोष दिसूनही गाळणक्षमता उणी असू शकते, आणि म्हणून केवळ त्यावर विसंबणे सर्वस्वी गैर होय. म्हणून गाळणक्षमता ठरवण्यासाठी केलेल्या चोवीस तासांच्या मूत्रसंकलनात सकाळची पहिली लघवी टाकून देतात, दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र जमेस धरतात. एकही खेप सुटल्यास हिशेब चुकतो. डीटीपीए किरणोत्सारी चाचणीने दोन्ही मूत्रपिंडांचा पृथक् वाटा कळतो व वाटा विषम असल्यास अधिक कार्यक्षम मूत्रपिंड दात्याकडेच ठेवतात. केडिगो या मूत्रपिंडविकारविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार गाळणदर मिनिटाला ९० मिलिलिटर (१.७३ चौ. मी. देहपृष्ठामागे) वा अधिक असल्यास दान ग्राह्य, ६० हून कमी असल्यास अग्राह्य, आणि मधल्या पट्ट्यात वयादी बाबी पाहून निर्णय होतो. दानोत्तरही दात्याचा रक्तदाब, क्रिॲटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन दरवर्षी तपासावे लागते.