दुआर्ननेची राजकन्या आणि दुआर्ननेच्या कामकरणी

भगिनींनो, फ्रान्स देशाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात, दुआर्नने नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथील आखातात पूर्वी ईस नावाची वैभवशाली नगरी होती, अशी दंतकथा आहे. नगरी सखल जागी वसलेली. भोवती बंधारा, बंधाऱ्याला दरवाजा आणि त्याची किल्ली ग्रादलॉन राजाजवळ. राजकन्या दाहुत हिने परपुरुषाच्या नादाने ती किल्ली चोरली, दरवाजा उघडला गेला आणि नगरी बुडाली. राजा मुलीला घोड्यावर घेऊन पळत असता संत गेनोले याच्या सांगण्यावरून त्याने तिला लाटांत ढकलले, तेव्हा कोठे तो वाचला. दाहुत पुढे जलपरी झाली म्हणतात. कथा मनोरंजक खरी. परंतु सारा दोष एका बाईच्या माथी मारून सगळे मोकळे झाले, हे मनाला लागते.

कारण गावाचा खरा इतिहास निराळाच आहे. पुरुष होड्या घेऊन सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीची मासळी, धरायला जात. ती साफ करून, तेलात तळून डब्यांत भरण्याचे काम कारखान्यांत बायका व कोवळ्या मुली करीत. होड्या रात्री आल्या तर रात्री बोलावणे येई. मासळी नासते, म्हणून काम संपेपर्यंत सुटका नाही. झोप येऊ नये म्हणून त्या गाणी म्हणत. मजुरी तासाला अवघी ८० सांतिम. १०० सांतिमांचा एक फ्रँक.

नोव्हेंबर १९२४ मध्ये त्यांनी संप पुकारला. मागणी तासाला सव्वा फ्रँकची. नगराध्यक्ष ल फ्लांशेक त्यांच्या बाजूने उभे राहिले. १ जानेवारी १९२५ रोजी संपफोड्यांनी त्यांच्यावर गोळी झाडली. ते जखमी झाले, पण वाचले. लोक खवळले. सहा आठवड्यांच्या संपानंतर मालक नमले आणि बायकांना तासाला एक फ्रँक मिळू लागला.

त्याच वर्षी मे महिन्यात जोझेफीन पेनकाले ही विधवा कामकरीण नगरसभेवर निवडून आली. तेव्हा फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचाही हक्क नव्हता! काही महिने ती सभेत बसली. नोव्हेंबरात तिची निवडणूक रद्द ठरली. तो हक्क तेथील स्त्रियांना १९४४ साली मिळाला आणि १९४५ साली त्यांनी पहिले मत दिले.

गोष्टीतल्या बाईने नगरी बुडवली म्हणतात. खऱ्या बायकांनी मात्र हातातोंडाची गाठ घालून गाव तरते ठेवले. मुलीबाळींना ईसची गोष्ट सांगाल, तेव्हा ही दुसरीही अवश्य सांगावी.