वेगाशी माझे वैर होते

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा पापड-लोणच्यांच्या लेखाची असावी. मी मात्र लिहिते आहे मोटारींच्या शर्यतींवर! माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

आमचे धाकटे भावोजी काशिमीऱ्याजवळ हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेले. हेल्मेट बरोबर होते, पण हँडलला अडकवलेले. तेव्हापासून घरात कोणी गाडीच्या वेगाचे कौतुक काढले की मी उठून आत जात असे. मुलगा टीव्हीवर फॉर्म्युला वनच्या शर्यती पाही, तेव्हा मी मुद्दाम मिक्सर लावी.

२९ नोव्हेंबर २०२० चा रविवार. पोळ्या लाटता लाटता मुलाची किंकाळी ऐकली आणि बाहेर धावले. बहरीनच्या शर्यतीत पहिल्याच फेरीला रोमाँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची गाडी कठड्यावर आदळून तिचे दोन तुकडे झाले होते आणि नुसता जाळ दिसत होता. “बंद कर ते!” मी ओरडले. मुलगा म्हणाला, “आई, थांब.” अर्ध्या मिनिटाच्या आत तो माणूस ज्वाळांतून स्वतः चढून बाहेर आला. हात भाजले होते, पण जीव वाचला. मी तिथेच मटकन बसले. हा वाचला, मग आमचे भावोजी का नाही? या एका प्रश्नापायी मी मुलाकडून इतिहास वदवून घेऊ लागले.

तो इतिहास एका गृहिणीपासून सुरू होतो, हे ऐकून मला मोठी मौज वाटली. कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली, पण ती लांबच्या प्रवासाला चालते हे जगाला दाखवले त्यांच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यजमानांना न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे चक्क माहेरी निघाल्या! शंभर किलोमीटरांहून अधिक वाट. वाटेत इंधन घेतले औषधाच्या दुकानातून. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. पुढे १८९४ साली पॅरिस ते रुआं अशी मोटारींची पहिली मोठी चुरस झाली.

पुढचा इतिहास मात्र रक्ताचा आहे. १९५५ साली फ्रान्समध्ये ल माँ येथे एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तरी चालक मेला तर ते त्याचे नशीब, अशीच समजूत होती. ही समजूत मोडायला उभा राहिला जॅकी स्ट्युअर्ट. १९६६ साली बेल्जियममध्ये पावसात त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली आणि तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत आत अडकून पडला. सोडवायला हत्यारसुद्धा नव्हते. दोन सहचालकांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणला. वर ॲम्ब्युलन्स इस्पितळाची वाट चुकली! स्ट्युअर्ट बरा झाला आणि सीटबेल्ट, कठडे, डॉक्टर यांसाठी भांडू लागला. पुष्कळांनी त्याला भित्रा म्हटले. तो भित्रा तीन वेळा जगज्जेता झाला.

१९९४ साली इटलीतील इमोला येथे शनिवारी रोलांड राट्झेनबर्गर आणि रविवारी आयर्टन सेना असे दोघे चालक गेले, तेव्हा नियम पुन्हा कडक झाले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान सक्तीची झाली. तिला ‘हेलो’ म्हणतात. दिसायला ओंगळ म्हणून अनेकांनी नाके मुरडली. ग्रोजाँचाही आधी विरोधच होता. तीच कमान त्याच्या डोक्यावर उभी राहिली. मला माझे उत्तर मिळाले, पण त्या रात्री झोप आली नाही.

त्याच्या पुढच्याच रविवारी, ६ डिसेंबर २०२० ला, बहरीनलाच आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. त्या गटात जिंकणारा तो पहिला भारतीय. मी मिक्सर लावला नाही, साखर वाटली. त्या आधी २००५ साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला होता. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतीय ग्रां प्री झाली, आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. तेव्हा ती घरातच टीव्हीवर चालू होती आणि मी पाठ फिरवून बसले होते, याची आता हळहळ वाटते.

आणि पुण्याच्या डायना पुंडोले! दोन मुलांची आई. २०२४ साली चेन्नईच्या ट्रॅकवर तिने सलून गाड्यांच्या गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या दिवशी यजमानांना मी तीन वेळा बातमी वाचायला लावली.

आता शर्यतीच्या रविवारी आमच्याकडे स्वयंपाक लवकर उरकतो. हे म्हणतात, “हिला म्हातारपणी वेड लागले.” लागो बापडे. मी स्कूटर शिकते आहे. सकाळी मैदानात मुलगा मागून धावतो आणि मी पंधराच्या वेगाने जाते. निघण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा तो ओढून पाहतो, मग मी त्याच्यासमोर पुन्हा एकदा ओढून पाहते. भावोजींचे हेल्मेट अजून माळ्यावर आहे. मला ते मोठे होते, म्हणून नवे घेतले.